आपल्याच घरात बिऱ्हाड

सांगलीतल्या विश्रामबागेतल्या आमच्या घराची किल्ली आज पहिल्यांदा माझ्या हातात आली आणि मला ते कुलूप उघडेना. किल्ली उजवीकडे फिरवून पाहिली, डावीकडे फिरवून पाहिली. शेवटी समोरच्या बंगल्यातल्या बाई गेटपाशी आल्या आणि म्हणाल्या, "दार जरा वढून घ्या, मग फिरवा. मगदूमकाकू तसंच करत्यात." दार उघडलं. मग त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. "तुमी नव्या भाडेकरू व्हय?"

मी म्हटलं, मी घरमालकिणीची मुलगी. "असं व्हय," म्हणाल्या, पण त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. त्यांचंही बरोबरच आहे. चोवीस वर्षांत त्यांनी मला इथं दोन-तीनदाच पाहिलं असेल, तेही दारात चप्पल घालूनच उभी असलेली.

आमचे भाडेकरू, मगदूम कुटुंब, परवा घर सोडून गेलं. आज दुपारी माझा नवरा आईला साताऱ्याहून गाडीतून घेऊन येणार आहे. ती आता इथंच राहणार. म्हणून मी सकाळच्या एसटीनं पुढं आले, घर उघडावं, झाडावं, वारं खेळू द्यावं, पाण्याची टाकी भरून घ्यावी. झाडायला काही नव्हतंच. काकू फरशी पुसून गेल्या होत्या. रिकाम्या घरात हळदीचा वास भरून राहिला होता. मगदूमकाका मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी होते, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या कपड्यांतून जी हळद घरात आली ती भिंतींनीही धरून ठेवली असावी. आणि भिंतीभर खिळे. कॅलेंडरचे, फोटोंचे, पंचांगाचे, कसल्यातरी तोरणाचे. मी ते मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

आमच्या घरांत खिळा ठोकायची बंदी होती.

आमची घरं म्हणते खरी, पण आम्ही त्या घरांत भाडेकरूंपेक्षाही कमी राहिलो. आबा फौजेतून हवालदार म्हणून सुटून आले तेव्हा मी चौथीत होते. फौजेत त्यांनी बराकी बांधल्या होत्या, पूल बांधले होते, आणि एक गोष्ट डोक्यात पक्की करून आणली होती. जमीन घ्यायची, घर बांधायला काढायचं, बांधता बांधता त्यातच राहायचं. पुरं झालं की ते भाड्यानं द्यायचं आणि आपण पुढच्या अर्धवट घरात जायचं. गावाकडच्या उसाच्या वाटणीत त्यांना रस नव्हता. चुलते म्हणायचे, "रामभाऊला रानापरीस सिमिटच लय ग्वाड." आबा हसायचे. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी त्यांनी धरली होती, आणि पेन्शन जायची विटांत.

पहिलं घर साताऱ्यात, कोडोलीला. आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथं घर म्हणून एकच खोली होती, मागची, वर पत्रा. पुढं नुसते पाये काढलेले. आईनं चूल कुठं मांडायची म्हणून विचारलं तर आबांनी बुटाच्या टाचेनं मातीत रेघ मारून दाखवली. "हितं सैपाकघर हुणार हाय, हितं मांड." चार भिंतींआधी आमची चूल स्वयंपाकघरात गेली. वारा सुटला की भाकरीवर वाळू यायची. दातांखाली कचकन वाजलं की माझा मोठा भाऊ म्हणायचा, घर खातोय. आबांना ते फार आवडायचं.

"आपुन ऱ्हायलो तर राखणदार लागत न्हाई," आबा सांगायचे. "पाणी माराय माणूस लागत न्हाई. वाळू पळत न्हाई. आन् गवंडी टाईमावर येतो." पाणी मारायचं काम माझं आणि भावाचं. सकाळी शाळेआधी एकदा आणि आल्यावर एकदा. नव्या भिंतींना पाणी, खांबांना गुंडाळलेल्या गोणपाटांना पाणी, स्लॅबवर मातीची आळी करून त्यांत पाणी. उन्हं तापल्यावर विटेवर पाणी पडलं की चर्र असा आवाज व्हायचा आणि एक वास उठायचा. ओल्या सिमेंटचा, थोडा चुन्यासारखा, थोडा राखेसारखा, नाकात थंड जाणारा. दुसऱ्यांच्या बालपणाला मोगऱ्याचा नाहीतर आंब्याच्या अढीचा वास असतो. माझ्या बालपणाला हा आहे. आजही साताऱ्यात कुठं नव्या इमारतीवर पाणी मारत असले की मी रस्त्यात थांबते, आणि लोकांना वाटतं बाईला फ्लॅट घ्यायचाय.

सणही आमचे बांधकामाचेच. चौकट बसवायची त्या दिवशी आई पेटीतलं जरीचं लुगडं काढायची, चौकटीला हळदकुंकू लावायची, आंब्याचा डहाळा बांधायची, नारळ फोडायची. नुसती चौकट उभी, दोन्ही बाजूंना आभाळ, आणि आई तिच्यातून वाकून आत जायची, कारण बाजूनं गेलेलं चालायचं नाही. स्लॅबच्या दिवशी भजी आणि जिलेबी. घमेली हातोहात वर जायची, मिक्सरची घरघर, बायकांच्या हाका, आणि आबा फौजेतल्या खणखणीत आवाजात हुकूम सोडायचे. दिवाळीत आम्हाला एवढी मजा आल्याचं आठवत नाही.

मग हळूहळू भिंती गुळगुळीत व्हायच्या. गिलावा व्हायचा, शहाबादी फरशी बसायची, दारांना रंग लागायचा. आणि घर सगळ्यात सुंदर दिसायचं त्याच आठवड्यात आबा म्हणायचे, "चला, डेरा उठाव." कोडोलीच्या घराला फिकट निळा डिस्टेंपर लावला होता. मी त्या भिंतीला गाल लावून उभी राहिले होते, थंड लागायची. पुढच्या रविवारी एक पोस्टातले गृहस्थ बायकोला घेऊन राहायला आले. त्यांच्या बायकोनं माझ्यादेखत त्या भिंतीवर खिळा ठोकला. मला इतका राग आला की मी रस्त्यावर जाऊन रडले. आई मला म्हणाली, "गप. आपलं न्हाई ते." मी म्हटलं, "मग कुणाचं?" ती टेम्पोत भांडी चढवत होती.

प्रत्येक घरी आम्ही मागच्या खोलीत राहायचो, कारण ती आधी उभी राहायची आणि तिच्यावर पैसा कमी लागायचा. पुढच्या खोल्या भाडेकरूच्या. त्या तयार व्हायला लागल्या की आम्हाला तिथं अभ्याससुद्धा करता यायचा नाही, फरशीला डाग पडतील म्हणून. कॅलेंडर आमच्याकडं तांदळाच्या डब्याला टेकून उभं असायचं. महिना बदलला की आई डबा सरकवून पान फाडायची.

त्या तांदळाच्या डब्यात वास्तू होती. हे जरा सांगायला हवं. नवं घर झालं की वास्तुशांत करतात, आणि वास्तूची छोटी प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. कोडोलीच्या घरासाठी आबांनी साताऱ्यातल्या सोनाराकडून चांदीची प्रतिमा करवून आणली होती, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. वाईच्या एका भटजींना सांगून ठेवलं होतं. पण शांतीआधीच ते पोस्टातले गृहस्थ घर बघून गेले, आणि आबांनी शब्द दिला. आई म्हणाली, "जिथं आपुन ऱ्हाणार न्हाई तिथं देव पुरून जायाचं?" आबांनी विचार केला. मग म्हणाले, "बरोबर हाय. शेवटच्या घरात बसवू. जिथं कायमचं ऱ्हायचं तिथं." आईनं ती प्रतिमा हळदीकुंकवाच्या फडक्यात बांधली आणि तांदळात ठेवली. कोडोलीहून ती गोडोलीच्या दुसऱ्या घरात आली, गोडोलीहून सांगलीला.

नवी जागा बघून आले की आबा त्या डब्यावर थाप मारायचे. "अजून एक, गड्या. मग तुला बसवतो." देवाला गड्या म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आम्ही हसायचो, आईसुद्धा हसायची. पण त्यामुळं झालं काय, की आमचं कुठलंच घर शांत झालेलं नव्हतं. आई अशा घरात मंगल काही करू द्यायची नाही. भावाची सत्यनारायणाची पूजा चुलत्यांकडं. माझी हळद चुलत्यांकडं. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं आता तरी आबा विरघळतील, एखादं घर आठ दिवस रिकामं ठेवतील. मी मागितलंही. आबा म्हणाले, "पोरी, पुढच्या घरात बघ तुझ्या पोरांची बारशी कशी थाटात करतो." मी दुसऱ्याच्या अंगणात पाटावर बसले, दुसऱ्याच्या उंबऱ्यावरून बाहेर पडले. काकीनं सगळं मायेनं केलं. तरी मी आजही ते विसरलेले नाही, आणि आबांना त्याबद्दल माफ केलंय असं मी म्हटलं तर ते खोटं होईल.

आज मी उभी आहे ते तिसरं घर. आबांची बदली सांगलीच्या शाखेत झाली तेव्हा हे बांधायला काढलं. मी कॉलेजात होते. या घरात आम्ही सगळे मिळून अकरा महिने राहिलो, त्यातले आठ दारांशिवाय. पण आई इथं वेगळीच झाली होती. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, सकाळचं ऊन सरळ कणकेच्या परातीत यायचं. ती भाकरी थापताना गुणगुणायची. मागं नळापाशी तिनं कढीपत्ता लावला. शेजारच्या जैन बायकांशी तिची ओळख झाली, त्या पाण्याला निघाल्या की तिला हाक मारायच्या. आणि एके दिवशी मी कॉलेजातून आले तर स्वयंपाकघराच्या भिंतीत खिळा होता, आणि खिळ्याला सांडशी अडकवलेली. मी आईकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. आबा जेवायला बसले, त्यांनी तो खिळा बघितला, पाणी प्यायले आणि भाकरी मोडायला लागले. मला वाटलं, झालं, हेच शेवटचं घर.

पंधरा दिवसांनी मगदूम आले. नवं लग्न झालेलं जोडपं. काकू तेव्हा माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील, पण पुढं सगळी गल्ली काकू म्हणायला लागली तशी मीही म्हणायला लागले. आबांनी कुपवाड रस्त्याला जागा बघितली होती. निघायच्या दिवशी आईनं आम्हाला सगळ्यांना बाहेर पाठवलं. "चौकात जाऊन चा पिऊन या, मी सैपाकघर आवरती." एवढे पैसे खर्चून बाहेर चहा प्यायची आमची पद्धत नव्हती. आम्ही आलो तेव्हा ती नळावर हात धूत होती आणि हातांना माती होती. मला वाटलं कढीपत्त्याच्या बुंध्याला माती लावली असेल. विचारलं नाही.

कुपवाड रस्त्याचं चौथं घर वर वर वाढत गेलं. खालचं भाड्यानं दिलं, आम्ही वर गेलो. वरचं दिलं, त्याच्या वर गेलो. मी लग्न होऊन साताऱ्याला आले, भाऊ फौजेत गेला, आणि ती दोघं बावीस वर्षं जिन्यानं वर जात राहिली. दर वेळी मी यायचे तेव्हा मला गिलाव्याविना भिंती दिसायच्या, आणि वर सळया आभाळात उघड्या. आईचे गुडघे गेले. आबा म्हणायचे, "हा मजला झाला की बास." तिसऱ्या मजल्यावरच्या त्या उघड्या विटांच्या खोलीतून आम्ही आबांना दोन वर्षांपूर्वी खाली आणलं. जिना इतका अरुंद होता की त्यांना खुर्चीत बसवून आणावं लागलं. ते कसे गेले ते सांगत बसत नाही. मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की आई डबा घेऊन खाली आली. तांदळाचा.

मी तिला साताऱ्याला माझ्याकडं आणलं. तिला वेगळी खोली दिली, पलंग दिला. तिनं ट्रंक उघडली नाही. लुगडी ट्रंकेतून काढायची, धुऊन परत ट्रंकेत. मी कपाट मोकळं करून दिलं तर म्हणाली, "असू दे की. कशाला तुला खोळंबा." माझी आई माझ्या घरात दोन वर्षं पाहुण्यासारखी राहिली. मला त्याचा राग यायचा, आणि राग आला की लाज वाटायची. मग या दिवाळीनंतर एक दिवस ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला विश्रामबागंतल्या घरात जायाचंय."

मी म्हटलं, "आई, तिथं मगदूम आहेत. चोवीस वर्षं झाली त्यांना."

"ठावं हाय मला. पर तिथं वास्तू हाय."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी आम्हाला चहाला पाठवून तिनं स्वयंपाकघरातली कोपऱ्यातली फरशी उलथन्यानं उचलली होती, खाली खणून ती चांदीची प्रतिमा पुरली होती, आणि फरशी परत बसवली होती. भटजी नाही, मंत्र नाही. "मला येत हुतं तेवढं म्हटलं," ती म्हणाली. "हेच माझं घर, असं सांगून ठेवलं त्याला. म्हटलं, मी परत येती."

"आणि डब्यात?"

"सुपारी."

म्हणजे आबा बावीस वर्षं सुपारीवर थाप मारत होते. अजून एक, गड्या. मी तिला विचारलं, आबांना का नाही सांगितलंस. ती मेथीच्या काड्या मोडत राहिली. "आधी वाटलं रागवत्याल. मग वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. मग त्यांच्या तोंडात दुसरं काय ऱ्हायलंच न्हवतं गं, शेवटचं घर, शेवटचं घर. ते मी कसं काढून घिऊ?" मग म्हणाली, "सांगितलं असतं तर थांबलं असतं का गं ते?"

मी 'नसते थांबले' असं म्हणाले. लगेच म्हणाले, कारण दुसरं उत्तर मला सोसलं नसतं. तिलाही.

भावाला फोन केला. त्याचं उत्तर सरळ होतं, "घर आपलं आहे ना? मग मगदूमांना सांग सोडायला." मलाही ते बरोबर वाटलं. आईला उभ्या जन्मात एकदा तरी पुऱ्या घरात, पुढच्या खोलीत, पंख्याखाली झोपू दे. आबांनी नाही दिलं ते मी देते, असाही एक माज त्यात होता, तो लपवत नाही.

मगदूमकाकूंकडं मी पेढे घेऊन गेले. पेढे का नेले देव जाणे. काका यार्डात गेले होते. काकूंनी मला पुढच्या खोलीत बसवलं, तिथं त्यांच्या मुलीच्या लग्नाचा फोटो होता. दाराला केळीचे खांब, आणि पाटावर बसलेली मुलगी, हळदीनं पिवळी झालेली. मागं फिकट भिंत, ही. त्यांची मुलगी या घरात जन्मली, या घरात तिला हळद लागली, या उंबऱ्यावरून ती सासरी गेली. मी तो फोटो बघत बसले. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला शोभणार नाही असा मत्सर वाटला मला.

मी आईचं सांगितलं. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"कवापतोर सोडायचं?" त्यांनी विचारलं. ना वाद, ना कपाळाला आठी.

"तुम्हाला जमेल तसं, काकू. घाई नाही." घाई होती.

"यांचं बी आता यार्डातलं हुत न्हाई. पोरगी जयसिंगपूरला दिलीया, तिच्या शेजारी दोन खोल्या हायत म्हणत हुती. बघतो." मग म्हणाल्या, "ताई, एक सांगू का? सैपाकघराची फरशी बदलली तवा गवंड्याला कोपऱ्यात एक चांदीचं सापडलं हुतं. तो घिऊन निघाला हुता, मी परत घेतलं त्याच्याकडनं. आमच्यात तसलं नसतंय, पर तुमच्या आईनीच ठिवलं असंल म्हटलं. तिथंच परत पुरलं. सांच्याला दिवा लावती मी तिथं."

त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. साखर त्यांनी माझ्या आईला लागते तेवढीच घातली होती. चोवीस वर्षांपूर्वीची आठवण ठेवून.

त्यांनी अडीच महिन्यांत घर सोडलं. परवा किल्ली द्यायला काका एकटेच माझ्या नवऱ्याच्या सांगलीतल्या मित्राकडं गेले. काकू रिक्षातच बसून होत्या म्हणे.

दुपारी दीडच्या सुमाराला गाडी आली. आई हळूहळू उतरली, गेटला हात लावून उभी राहिली. कढीपत्ता आता छपराएवढा झालाय, त्याच्याकडं तिनं नुसतं पाहून घेतलं. मी तिला हात धरून आत आणलं. ती आधी स्वयंपाकघरात गेली, आग्नेयेच्या कोपऱ्यापाशी वाकली, जमिनीला हात लावला, हात कपाळाला लावला. तिथं फरशीवर दिव्याच्या तेलाचा काळा गोल होता. तो तिनं बोटानं चाचपला. "रोज लावत हुती," ती म्हणाली. मी होय म्हटलं.

मग ती घर बघायला लागली. नळ सोडून बघितले. दिव्यांची बटणं वरखाली केली. भिंतीवर ओल आलीय का ते तळहात टेकवून बघितलं. कडीकोयंडे हलवून बघितले. मला वाटलं, ही कौतुकानं फिरतेय. मी तिला पुढच्या खोलीत आणलं. तिथं मी नवीन गादी घातली होती, पंखा लावून ठेवला होता, खिडकीला पडदा. "ही तुझी खोली," मी म्हटलं. "चांगली झालीया," ती म्हणाली. गादीच्या कडेवर टेकली, पाय खाली सोडून.

नवरा गॅसच्या सिलिंडरच्या मागं गेला, आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध, साखर, काडेपेटी आणायला गेले. अर्ध्या तासात परत आले. पुढच्या खोलीत पंखा बंद होता. गादीवर सुरकुती नव्हती. मी हाक मारली तर उत्तर मागून आलं.

मागं धुण्याच्या जागेला लागून एक खोली आहे. पत्र्याची, बांधकाम चालू असताना आम्ही राहायचो ती, नंतर मगदूमांनी अडगळीला वापरलेली. आईनं ती झाडली होती. ट्रंक कशी ओढत नेली मला माहीत नाही. ट्रंकेशेजारी सतरंजी घातली होती, उशाला घडी घातलेलं लुगडं. ती सतरंजीवर पाय पसरून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत मी पाहिला नव्हता असा विसावा होता.

"आई, हे काय? पुढं खोली आहे ना."

"पुढचं मोकळं असू दे."

"कशाला? आता कुणी यायचं नाही. हे घर तुझं आहे."

"व्हय की," ती म्हणाली. समजूत घातल्यासारखं म्हणाली. मग सतरंजीवरून हात फिरवत राहिली. "मला पुढं झोप यायची न्हाई गं. छाती धडधडायला लागली बसल्यावर. कोण तरी येईल आन् उठा म्हणंल, असंच वाटाय लागलं. हितं बरं वाटतंय."

मी उंबऱ्यावर बसले. तिचा स्वभाव आबांनी बदलला की आम्ही सगळ्यांनी, हे कळेना. एवढंच कळत होतं की मी उशीर केला, आणि उशीर करून वर एका बाईचं घर मोडलं.

आईच म्हणाली, "मगदूमबाईंचा नंबर हाय न्हवं तुझ्याकडं?"

"आहे."

"विच्यार तिला. परत येतीस का म्हणावं. पुढं तुमी ऱ्हावा, मी मागं ऱ्हाते. मला काय लागतंय? तेवढीच सोबत. आन् दिवा लावाय बी बरी हुती ती."

मी फोन लावला. तिच्यासमोरच लावला, कारण ती बघत होती. जयसिंगपूरला दोनदा रिंग वाजली आणि काकूंनी उचलला. मागं कुठंतरी भांडी लावल्याचा आवाज येत होता, नव्या फळीवर एकेक भांडं ठेवावं तसा. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "आल्या का आई? करमलं का त्यास्नी?"

आई माझ्याकडं बघत होती.

"हो काकू," मी म्हटलं. "लगेच रुळली बघा. पुढच्या खोलीत झोपलीय."